बाईसाहेबांच्या कानांस दडे बसले त्याची हकीकत

ज्याने माणसास बोल दिला आणि तो झेलावयास दोन ओंजळी मस्तकाच्या दो अंगांस लाविल्या, त्या दयाळास नमन करून लिहितो. शके सोळाशे पन्नास, कीलकनाम संवत्सरी, मार्गशीर्ष मासी घाटमाथ्याच्या अंबिकाबाईसाहेब बंधूच्या कन्येच्या बारशास मेण्यात बसोन बंदरी निघाल्या. आत्याचा मान त्यांचा. त्या कुळाची चाल ऐसी की, नाव आईने निवडावे, नणंदेच्या कानी कुजबुजावे आणि आत्याने बाळास सांगेतोवर तिसऱ्या कानी जाऊ नये. बाईसाहेबांनी वर आपला नेम जोडिला की, नाव सांगेतोवर पाण्याचा घोटही घेणे नाही.

त्यांचे उजवे कानी एक राज्य सुखरूप नांदत होते. बाहेर पाळीचा कोट, आवाज वळवून आत घेणारा. मग वाकडी गल्ली, तीत केसांचा आणि मळाचा पहारा, धूळ-किडा तेथेच धरिला जाई. गल्लीचे शेवटी ताणलेला पडदा आणि त्यामागे हवेची कोठडी. कोठडीत तीन बंधू: थोरले हातोजीराव पडद्यास लगटून, मधले ऐरणराव, आणि धाकटे रिकीबराव पलीकडील खिडकीत पाऊल रोवून. पडदा हलला की थोरला मधल्यास हलवी आणि मधला धाकट्यास, मग धाकट्याचे पावलाने शंखमहालातील पाणी डोले, आणि पाण्यातील केसाळ सेवक ते ओळखून जासुदांहाती मेंदूचे दरबारी वर्दी धाडीत. महालाशेजारी तीन वाकड्या नळ्या, मेणा कलला की तोल कळवीत. कोठडीतून घशाकडे एक दिंडी, तिचे राखणदार नळोजी नाईक. त्यांस हुकूम एवढाच की, घोट गेला अथवा जांभई आली तरच दार उघडावे.

मग स्वारी घाट उतरू लागली आणि बाहेरील हवा जड होत चालली, आणि कोठडीत घाटमाथ्याची पातळ हवाच कोंडून राहिली, तेणेकरून पडदा आत दबला. रिकीबराव कळवळून बोलिले, "दादा, रेटू नका हो, पाऊल खिडकीत रुतले!" हातोजीराव म्हणाले, "मी कुठे रेटतो? पडदाच माझ्या उरावर बसला आहे! नाईक, दार उघडा." नळोजींनी पुसिले, "घोट आला काय?" "घसा कोरडा ठणठणीत." "मग दार नाही. जांभई आणा." "बाईसाहेब चारचौघांत जांभई देतील? त्यापेक्षा घाट मागे सरेल!" डाव्या राज्यातही हेच रडगाणे.

बंदरी पाळणा सजला, बायका जमल्या. भावजय सगुणाबाई कानाशी लागून कुजबुजल्या आणि बाईसाहेबांस फुंकरीखेरीज काही न कळे. "अगं, मोठ्याने बोल की!" "अगोबाई वन्सं, मोठ्याने बोलले तर पाळण्याआधी अंगणच ऐकेल!" दुसऱ्यांदा कुजबुजल्या, तीच गत. मागून एकजण हसली, "आत्याबाईंचे कान माथ्यावरच राहिले वाटतं!" बाईसाहेबांचे डोळे पाणावले. आत्यापण हातचे जाते, दुसरीस पुढे करावे लागते, ऐसा प्रसंग.

इतक्यात घुगऱ्यांची परात आली, खोबऱ्याचा आणि लिंबाचा फोडणीसहित दरवळ सुटला. नेम अभंग, परंतु तोंडास पाणी सुटले, बाईसाहेबांनी ते नकळत गिळिले, आणि नळोजी गरजले, "घोट आला!" दिंडी उघडली, हवा आत धावली, पडदा टक् करून सरळ जाहला, बंधू मोकळे जाहले. "सगुणा, आणिक एकवार सांग," ऐसे बाईसाहेब बोलिल्या, आणि नाव कानी पडताच मुख फुलले.

मग पाळण्यावर वाकोन त्यांनी "कुर्रर्र" केले, बायकांनी पाठीत धपाटे घातले, आणि "चित्रलेखा" हे नाव नव्या राज्यात शिरले. तेथील बंधू जन्मतःच थोरांच्या मापाचे, परंतु चाकरी नवी. हातोजींनी ऐरणरावांस हलविले, ऐरणरावांनी रिकीबरावांस, आणि बाळाने रडणे थांबवून आत्याकडे मान वळविली.

तात्पर्य, नेम राहिला, मान राहिला, आणि त्या दिवशी घुगऱ्यांची पहिली मूठ आत्याबाईंनी घेतली. इतके घडले ते लिहिले.