दत्तू फिटरची क्रेन

दत्तू फिटर वाकत नाही. स्वाभिमान वगैरे काही नाही. कंपनीत जड उचलून कंबर गेली, त्याचं त्याने तत्त्वज्ञान केलं. "वाकेल तो हमाल, नाना," मला म्हणतो. पाना खाली पडला की पायाने सरकवत भिंतीशी नेतो, मग भिंतीला घासत वर चढवतो. तेवढ्यात हमालाने टेम्पो भरला असता.

कॅम्प चारच्या बाजारगल्लीत आमच्या पिठाच्या गिरणीला लागून त्याचा गाळा. गाळा कसला, कपाट. लेथ आत, की दत्तू बाहेर. त्यात याने क्रेन बांधायला घेतली. भंगारातला गर्डर, दोन्ही टोकांना पाइपचे पाय, खाली चाकं, वर चेनपुली.

"टनभर उचलेल, नाना."

"टनभर आहे काय तुझ्याकडे? गर्व सोडून?"

पहिली चाचणी चहाच्या ग्लासाची. साखळी ओढून घामाघूम झाला. ग्लास तोंडाशी येईतो चहावर साय. समोरचा सिंधी कापडवाला ओरडला, "साईं, मुंह नीचे कर लेते!"

मग कळलं, क्रेन शटरातून बाहेर निघत नाही. आत बांधली, आतच अडकली! सगळी गल्ली हसली. बायको गेल्यावर मी पहिल्यांदा हसलो ते तेव्हा.

दत्तूने क्रेनचे पाय कापले. शटरातून निघेल एवढे झाले, तरी कापतच राहिला.

"आता काय मुंग्या उचलतोस?"

"माप आहे, नाना."

गिरणी हिची होती. मी नुसता डबे उचलून द्यायचो. ती गेली तशी गिरणी बंद. शेवटी ती मोडीत काढायला मी भंगारवाल्याला बोलावलं. तो यायचा त्याच सकाळी खडखड ऐकू आली. दत्तू क्रेन ढकलत आला. गिरणीचं दार त्याच्या शटरापेक्षा बुटकं. क्रेन सुतासारखी सरळ आत गेली.

माप या दाराचं होतं.

दगड गुळगुळीत झाले, पीठ तापतंय, छिन्नीने खाचा पाडून टाकी लावायला हवी, असं ही आजारपणाआधी सारखी म्हणायची. वरचा दगड उचलायला चार माणसं लागतात. ती कधी जमली नाहीत.

"वैनींना म्हटलेलं, माणसं शोधू नका, मी क्रेन करतो."

"ती गेली, गाढवा. आता आणलीस?"

"उशीर झाला," एवढंच म्हणाला.

साखळी ओढली. दगड हलला, उठला, अलगद बाजूला जमिनीवर आला. दत्तूने छिन्नी-हातोडी काढली, दगडापाशी बसला आणि कण्हत कण्हत कंबरेतून वाकला. टक, टक.

"हमाल झालास रे."

"गप बसा, नाना. बॅटरी धरा इकडं."

बाहेर भंगारवाल्याने हाक मारली, "चाचा, माल निकालूं?"

"पुढे जा," मी म्हटलं. "दगडाला टाकी चाललीय, दिसत नाही?"