दुपारपुरतं नाव

हसबनीसांच्या घरी बारशाला आत्याने नाव बाळाच्या कानात सांगायचं ते वरवंट्याच्या कानात सांगितलं, म्हणून आता वरवंट्याला सांभाळायला दुपारपुरती बाई हवी होती.

आत्याचा तसा फार दोष नव्हता. बारशाला आधी वरवंट्यालाच टोपडं घालून पाळण्यात निजवतात, झोके देतात, मग बाळाची पाळी येते. आत्याला त्याच दिवशी मेलबर्नचं विमान गाठायचं होतं. पाळण्यात टोपडं दिसलं, ती वाकली, कानात कुर्र केलं, "ऋजुता" म्हणाली आणि टॅक्सीत बसली. घाईत कुणाचं काय होईल सांगता येत नाही.

सांगितलेलं नाव ज्याने सांगितलं त्यालाच परत घेता येतं. आत्या गणपतीत येणार होती. इकडे वरवंट्याची ऋजुता भुकेने रडायची आणि हल्ली पालथीही पडू लागली होती.

हे सगळं द्वारकाबाई खुर्चीच्या टोकावर बसून ऐकत होत्या. सांगलीत गावभागातली निम्मी पोरं त्यांच्या मांडीवर मोठी झालेली. हातगुणच असा, की त्यांनी घेतलेलं पोर महिन्याभरात बाळसं धरायचं. गुडघे फार दुखतात म्हणून त्यांनी काम सोडलं होतं. पण पोरांवाचून घर खायला उठतं, म्हणून निरोप आल्यावर नुसतं बघून यावं असं म्हणून आल्या होत्या.

"गणपतीपर्यंतच, मावशी," बाळाची आई पल्लवी म्हणाली. "माझी रजा संपली. आणि माईंना ती उचलवत नाही."

माई म्हणजे पल्लवीच्या सासूबाई. त्या म्हणाल्या, "अंगाला जुन्या मिरच्यांचा वास येतो. तेवढं मनावर घेऊ नका. बाकी पोर गुणाची आहे."

द्वारकाबाईंनी पाळण्यात बोट पुढे केलं. ऋजुताने ते धरलं. दगड उबदार होता, आणि बोट सोडत नव्हता.

"आणि दुसरं कुठाय?" द्वारकाबाईंनी विचारलं.

"दुसरं कोण?"

"जन्मलेलं."

पल्लवीने स्वयंपाकघराकडे मान वळवली. "ते काही करत नाही हो. त्याला बाई लागत नाही."

बाळ पाट्यावर ठेवलेलं होतं. वरवंटा गेल्यावर पाटा रिकामा बरा दिसत नाही, असं माईंचं म्हणणं होतं. मुलगी होती. डोळे उघडे होते आणि पापणी हलत नव्हती. तळपाय करडे पडले होते, आणि त्यांवर पाट्याला टाकी लावल्यावर पडतात तसले बारीक टोचे उमटू लागले होते.

द्वारकाबाईंनी त्या टोच्यांवरून बोट फिरवलं. काम घ्यावं, तर त्यांच्या हाताने दगड बाळसं धरणार आणि गणपतीपर्यंत हिचा पुरता दगड होणार. न घ्यावं, तर दुसरी कुणी येणार, आणि ती पाट्याकडे ढुंकूनही बघणार नाही.

"हिलाही एखादं नाव सांगा की," त्या म्हणाल्या.

"आत्या एकच आहे," माई म्हणाल्या. "मावशीने सांगितलेलं टिकत नाही. फार तर तात्पुरतं लागतं."

"काम तरी कुठं कायमचं आहे?"

माईंनी यावर विचार केला. "तात्पुरतं चालेल. पण नाव वापरातलं हवं. मावशीच्या तोंडून कोरं नाव लागत नाही. आणि रोज निघताना आठवणीने परत न्यायचं. राहिलं तर आमच्याकडे बोलायचं नाही."

द्वारकाबाईंना आपल्या नावाचा विचार करावा लागला. त्या नावाने हाक मारणारे एक यजमान होते, ते गेले. तेव्हापासून सगळ्या गावाच्या त्या मावशी. ठेवणीतल्या शालूसारखं नाव नुसतं घडीत पडून होतं. कसर लागण्यापेक्षा पोराच्या अंगावर गेलेलं काय वाईट!

"घेतलं काम," त्या म्हणाल्या. पाट्यावर वाकल्या, बाळाच्या कानात कुर्र केलं आणि नाव सांगितलं.

आधी पापणी लवली. मग ओठ बाहेर आला. मग पोरीने असा टाहो फोडला की माईंच्या हातातली वाटी पडली. पाळण्यातली ऋजुता एकदम गप्प झाली आणि ऐकू लागली.

पल्लवी कामावर निघाली. दुपार झकास गेली. एका मांडीवर ऋजुता, दुसऱ्या मांडीवर द्वारका. मावशींनी दोघींना दूध पाजलं, दोघींच्या गालाला तीट लावली. दगडाशी तरी दुजाभाव का करा, त्याने काय मागून घेतलं होतं?

पल्लवी कामावरून आली तेव्हा मावशी नाव परत घ्यायला वाकल्या. द्वारका गाढ झोपली होती. ओठाच्या कोपऱ्यात दूध होतं आणि तळपाय गुलाबी झाले होते. झोपलेलं पोर देव दारात आला तरी उठवायचं नाही, असं मावशी जन्मभर आयांना बजावत आल्या होत्या.

"न्यायचं राहिलं का काही?" पल्लवीने विचारलं.

"झोपू दे," मावशी म्हणाल्या. "उद्या बघू."

जिना उतरताना पाय जड वाटले. घराचं कुलूप काढताना त्यांनी आपलं नाव आठवून बघितलं. आठवलं नाही. हाक मारणारं कुणी नव्हतंच, म्हणून त्यांनी फार ताण दिला नाही. आत जाऊन त्या ओट्याखालच्या पाट्याशेजारी भिंतीला टेकून बसल्या. गार होतं, बरं वाटत होतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच गुडघे जरासुद्धा दुखत नव्हते.