मामींचा गुडघा आणि माझ्या विटा

कोणाचंही व्यसन सोडवायचं असेल तर त्याला माझ्याकडे पाठवा, असं मी गेल्या महिन्यापर्यंत छातीठोकपणे सांगत होतो. मी राहुरीत एका शाळेत गणित शिकवतो आणि दरवर्षी पालकसभेत मोबाईलच्या नादावर पाऊण तास बोलतो. गेल्या वर्षी माझं भाषण ऐकून एक पालक रडले होते. त्यांची दाढ दुखत होती हे नंतर कळलं, पण सभेवर परिणाम झाला तो झालाच.

अशा माणसाच्या घरी सासूबाई राहायला आल्या. भागूबाई त्यांचं नाव, आम्ही मामी म्हणतो. राहणार मिरजगाव. उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. तीन म्हशी आणि अख्खी ज्वारी एकटीने सांभाळणारी बाई आता आमच्या पुढच्या खोलीत खाटेवर पडून पंख्याच्या पात्यांवरची धूळ मोजत होती. रोज सकाळी फिजिओथेरपीच्या रेश्मा मॅडम यायच्या आणि वॉकर धरून दिवसातून चारदा वीस पावलं चाला, असं सांगून जायच्या. मॅडमची स्कूटी वळली की मामी भिंतीकडे तोंड करायच्या. घरच्या आठवणीने त्यांचा जीव कासावीस व्हायचा. जेवणसुद्धा धड जाईना. माझी बायको पंकजा स्वयंपाकघरात डोळे पुसायची.

मी म्हटलं, मामींचं मन रमवायला हवं, आणि ते काम माझ्यावर सोड.

आठवडे बाजारातून मी एक ब्रिक गेम आणला. तळहाताएवढा, पिवळाधमक, चार-पाच रबरी बटणं. वरून विटांचे तुकडे पडतात, ते फिरवून फटीत बसवायचे. ओळ पूर्ण भरली की नाहीशी होते. एवढंच. मामींना मोबाईल जमत नाही, त्यांच्या राकट बोटांना काच दाद देत नाही. पण बटण म्हणजे बटण. पहिला दिवस कुरकुर करण्यात गेला. दुसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, "ह्ये तर कडब्याची गंजी लावल्यावानी हाय. आडवी पेंडी आडवी, उभी पेंडी उभी." आणि तिथून पुढे त्या अशा खेळायला लागल्या की विटांनीच विचार करून खाली पडावं.

मामी जेवायला लागल्या, हसायला लागल्या. फक्त खाटेवरून उठेनात. रेश्मा मॅडम आल्या की मामी "एवढी गंजी हू द्या" म्हणायच्या. पाचव्या दिवशी मॅडमनी गुडघा वाकवून पाहिला आणि त्यांचा चेहरा उतरला. त्या म्हणाल्या, आठ दिवसांत या चालल्या नाहीत तर गुडघा धरून बसेल, मग पुन्हा दवाखान्यात नेऊन भूल देऊन वाकवावा लागेल. पंकजाने माझ्याकडे असं पाहिलं की मला माझी पालकसभा आठवली.

मी ताबडतोब कारवाई केली. मामींच्या खाटेशी उभं राहून दहा मिनिटं बोललो. नाद माणसाला कसा पांगळा करतो, वेळ कसा खातो, सगळं सांगितलं. मामींनी यंत्र माझ्या हातात दिलं. भाषणाचा इतका झटपट गुण मी कधी पाहिला नव्हता.

यंत्र कपाटावर ठेवण्याआधी, बंद कुठून होतं हे पाहायला म्हणून, मी एक बटण दाबलं.

आता तुम्हाला काय सांगू? मामींच्या अर्धवट डावात डाव्या कोपऱ्यात एक उभी फट राहिली होती. चार ओळी फक्त त्या एका फटीसाठी अडलेल्या. वरून लांब काठी आली तर चारही ओळी एकदम जाणार. काठी येत नव्हती. चौकोन आला, वाकडा आला, पुन्हा वाकडा आला, आणि मग आली. सरळ, उभी, अलगद फटीत उतरली आणि चारही ओळी लुप्त झाल्या. बावीस वर्षं गणित शिकवून मला जे समाधान मिळालं नाही ते तिथे कपाटापुढे उभ्या उभ्या मिळालं.

पण खेळायचं कुठे? भाषण ताजं होतं. आतून कडी असलेली घरात एकच जागा होती आणि ती म्हणजे संडास. यंत्राचा आवाज बंद करायचं एक छोटं बटण सापडलं आणि माझा मार्ग मोकळा झाला.

पहिल्या दिवशी मी तीनदा गेलो, दुसऱ्या दिवशी सातदा. तिसऱ्या दिवशी पंकजाने माझ्या ताटाशेजारी ओवा ठेवला. चौथ्या दिवशी मी आत बसून काठीची वाट पाहत होतो. भान राहिलं नाही आणि तोंडातून निघून गेलं, "ये ना, ये बाई, किती वेळ लावतेस..." दाराबाहेरून पंकजाचा हळवा आवाज आला, "अहो, जोर नका करू. येईल तेव्हा येईल."

तेवढ्यात काठी आली आणि मी ओरडलो, "गेल्या! चारही गेल्या!"

बाहेर पंकजाची पावलं घाईने फोनकडे गेली.

संध्याकाळपर्यंत मला ताकभातावर ठेवलं होतं. मिरजगावहून मेहुण्याचा, रामहरीचा फोन आला की डाळिंबाची साल उगाळून द्या. आमच्या मुख्याध्यापकांनी दोन दिवसांची रजा परस्पर मंजूर केली. खरं सांगावं असं मला प्रत्येक वेळी वाटलं, पण खाटेवर मामी अजूनही न उठता बसलेल्या असायच्या आणि माझी जीभ वळायची नाही.

गुरुवारी पंकजा मला श्रीरामपूरला पोटाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. त्यांनी पोट दाबलं, ठोकलं आणि विचारलं, आत किती वेळ बसता? माझ्याआधी पंकजाने सांगितलं, कधी पाऊण तास, कधी सव्वा तास, आणि मध्येच ओरडतात. डॉक्टर गंभीर झाले. शनिवारी सकाळी दुर्बिणीने आतून तपासू, म्हणाले. दुर्बीण कुठून घालतात ते त्यांनी भिंतीवरच्या चित्रावर छडीने दाखवलं. मी खुर्चीला घट्ट धरून बसलो. येताना बसमध्ये पंकजा खिडकीकडे तोंड करून रडत होती. माझ्या पोटात पहिल्यांदाच खरी कळ आली.

घरी आल्या आल्या सगळं कबूल करायचं मी ठरवलं. फक्त त्याआधी एक शेवटचा डाव.

पंकजा औषधं आणायला कोपऱ्यावर गेली होती. मी आत गेलो, कडी लावली. डाव असा रंगला की विटा सरींसारख्या पडत होत्या. घाईत अंगठा भलत्या बटणावर गेला आणि आवाज सुरू झाला. टुंई-टुंई-टँ! तो बंद करायला गेलो तर आणखी मोठी धून वाजायला लागली.

बाहेर खाट करकरली. मग फरशीवर पावलं वाजली. धप्... धप्... धप्. आणि दारावर मूठ बसली.

"जावाई, कडी काढा."

मी कडी काढली. समोर मामी. हातात वॉकर नाही, काठी नाही, भिंतीचा आधार नाही. खाटेपासून दारापर्यंत त्या एकट्या चालत आल्या होत्या. मी त्यांच्या पायांकडे पाहत राहिलो. त्या यंत्राकडे पाहत होत्या.

"माज्याकडं काय बघताय? फिरवा त्याला. भरत आलं."

मी फिरवलं. बसलं. तेवढ्यात पंकजा औषधांची पिशवी घेऊन दारात उभी राहिली. तिने आईला पाहिलं, मला पाहिलं, माझ्या हातातलं पिवळं यंत्र पाहिलं. पिशवी खाली ठेवली आणि आधी आईच्या गळ्यात पडून रडली. मग माझ्याकडे वळून एवढंच म्हणाली, "डॉक्टरांना फोन तुम्ही करायचा. आणि कारण खरं सांगायचं."

मी सांगितलं. पलीकडून कोणीतरी रिसीव्हरवर हात ठेवून हसल्यासारखं वाटलं.

रेश्मा मॅडमनी नवा कार्यक्रम आखला. यंत्र रोज वेगळ्या ठिकाणी, मामींनी उठून जाऊन आणायचं. आधी टीव्हीवर, मग ओट्यावर, मग शेजारीण ज्ञानेश्वरीच्या घरी. तीन आठवड्यांत गुडघा काटकोनात वाकला. काटकोन मी स्वतः कोनमापकाने तपासला.

परवा मामी मिरजगावला गेल्या. पंकजाला त्या दिवशी जमलं नाही, म्हणून सोडायला मी एकटाच गेलो. एसटीची उंच पायरी त्या ऑपरेशनच्या पायावर चढल्या आणि माझे डोळे भरून आले. खिडकीत बसल्यावर त्यांनी मला हाताने जवळ बोलावलं. मला वाटलं, आशीर्वाद देणार.

"गाडी सुटायच्या आत दोन पेन्सिल सेल आणा. ह्ये बंद पडाया लागलंय."

मी धावलो. स्टँडवर आमच्या शाळेची निम्मी दहावी उभी होती, त्यांच्यादेखत धावलो. गाडी हलता हलता खिडकीतून सेल दिले. मामींनी ते बसवले, मान खाली घातली आणि गाडी वळेपर्यंत वर पाहिलं नाही. मी हात हलवत उभा होतो.

दुकानातून मी सेल चार घेतले होते, आणि त्याआधीच आठवडे बाजारातही माझी एक फेरी झाली होती. उरलेले दोन कुठे गेले ते पंकजाला अजून ठाऊक नाही. तुम्हीही विषय काढू नका.