तिघांनी पाजलेलं तेल

ज्योतीराम घोगरेच्या हाताखालचं मशीन आजवर कधी बिघडलं नव्हतं. हे तो स्वतःच सांगायचा, आणि ऐकायला समोर कोणी नसलं तर मनातल्या मनात सांगायचा. बहुतेक वेळा मनातच सांगावं लागे.

"मशीन काय आणि म्हैस काय," त्याचं म्हणणं, "वेळेवर पाजलं की तक्रार नाही."

साल अठ्ठ्याहत्तर. ज्योतीराम बार्शीकडचा, भोसरीच्या एका कारखान्यात ग्राइंडिंग मशीनवर कामाला. राहायला चिंचवड गावठाणात, घरमालक सोनबाच्या गोठ्याला लागून असलेल्या खोलीत. खोलीत खाटा दोन आणि भाडेकरू तीन. तरी कोणाला कधी जमिनीवर झोपावं लागलं नाही, कारण तिघं एका वेळी घरी नसतच. मालोजी दुसऱ्या कंपनीत, उद्धवराव तिसऱ्या. शिफ्टा वेगळ्या. त्यात वीजकपातीमुळे सुट्ट्याही वाटून दिलेल्या. ज्योतीरामला मंगळवार, मालोजीला गुरुवार, उद्धवरावांना शनिवार. दोन वर्षं तिघं एका खोलीत राहत होते आणि तिघं मिळून एकदाही जेवले नव्हते. उद्धवरावांचा चेहरा आठवायचा तर ज्योतीरामला आधी त्यांचं घोरणं आठवे.

बोलणं भिंतीवर चाले. कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला, पेन्सिलने.

माठ भरला आहे. – उद्धव
रॉकेल संपलं. – मालोजी
गाडीची काळजी घेत जावी. – ज्योतीराम
गाडीची काळजी सर्वांनीच घ्यावी. – मालोजी
कोण घेत नाही? – उद्धव

गाडी म्हणजे फटफटी. जुनी, वजनदार, चार गल्ल्यांना ऐकू जाणारी. तिघांनी मिळून घेतलेली आणि सुट्टीच्या दिवशी ज्याची त्याने वापरायची. स्टेशनाजवळच्या चिमाजी मेकॅनिकने ती जमवून दिली. देताना तो तिघांनाही, म्हणजे तिघांना तीन वेगवेगळ्या दिवशी, एकच वाक्य म्हणाला, "बाकी कशाकडे बघू नका राव, पण इंजिनाला तेल कमी पडू देऊ नका."

इथे जरा थांबू. तेल मोजायची पट्टी समजल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नाही.

या इंजिनात एका बाजूला तेलाचा कप्पा असतो. झाकण फिरवलं की त्याला लावलेली पट्टी बाहेर येते, पट्टीवर दोन रेघा. तेल दोन रेघांच्या मध्ये हवं. पण इंजिन जुनं असेल आणि गाडी दोन-तीन दिवस उभी असेल, तर कप्प्यातलं तेल हळूहळू झिरपून इंजिनाच्या तळाला जाऊन बसतं. मग पट्टी म्हणते, तेल कमी. तेल कमी नसतं, फक्त खाली गेलेलं असतं. इंजिन पाच मिनिटं चालवलं की ते आपलं आपण परत वर येतं. म्हणून आधी इंजिन चालू करायचं, मग पट्टी बघायची.

पण कारखान्यात नियम उलटा. बटण दाबायच्या आधी तेल बघायचं. आणि तिघंही चांगले कामगार.

मंगळवारी सकाळी ज्योतीराम थंड इंजिनाची पट्टी काढून बघे. तेल कमी. तो ओते. गुरुवारी मालोजी बघे. कमी. तो ओते. शनिवारी उद्धवराव चष्मा लावून बघत आणि जरा जास्तच ओतत, कारण ते वयाने मोठे होते. भिंतीवर कोणी लिहीत नसे. एक तर केलेलं बोलून दाखवायची सवय नाही, आणि दुसरं म्हणजे तिघांचीही खात्री, की बाकीच्या दोघांना गाडीची कदर नाही.

थोड्याच दिवसांत गाडी गळायला लागली. सोनबाने तिघांनाही वेगवेगळं गाठून सांगितलं, "आवं, गोठ्यात त्येल सांडतंय. म्हस घसरून पडली म्हंजी?" तिघांनीही वेगवेगळा विचार केला आणि तो एकच निघाला. गळतंय, म्हणजे कमी होतंय. तिघांनीही माप वाढवलं. मग गाडी थोडा धूर सोडू लागली. जुनी गाडी, ओढत असेल विडी.

आता सुभद्रा.

सुभद्रा ज्योतीरामची बायको. लग्नाला चार वर्षं झाली होती, त्यातली तीन ती गावाकडे सासूजवळ आणि हा इकडे. यंदा धाकट्या दिराचं लग्न झालं, सासूला सोबत मिळाली, आणि सुभद्राने कळवलं, 'खोली दाखवा. बघते आणि मग सांगते.' येते असं नाही. सांगते.

ज्योतीरामने चऱ्होलीत आबाजींच्या घरामागची खोली ठरवून ठेवली. एका मंगळवारी सुभद्राचा पुण्यातला मावसभाऊ भिमाजी तिला सकाळच्या लोकलने चिंचवडला उतरवून स्वतः लोणावळ्याला कामावर जाणार आणि संध्याकाळी परत येताना घेऊन जाणार, असं ठरलं. मध्ये सात तास. बस दोन ठिकाणी बदलावी लागते, म्हणून फटफटी. शिवाय ऐट.

त्या मंगळवारी पहाटे ज्योतीरामने पट्टी काढली. कमी. एवढा मोठा दिवस, हात आखडता घेऊन कसं चालेल? उरलासुरला सगळा डबा त्याने इंजिनाला पाजला.

स्टेशनावर सुभद्रा मागे बसली. एका बाजूला पाय, मांडीवर पिशवी, पिशवीत सासूने दिलेली शेंगाचटणी.

"धरून बस."

"कशाला धरू?"

हा प्रश्न दोघांनाही अवघड होता. तिने सीटचा पट्टा धरला.

पिंपरीपर्यंत धूर पांढरा होता, पुढे निळा झाला. कासारवाडीला एक सायकलवाला त्यांच्या मागे येताना दिसत होता, तो नंतर दिसेनासा झाला, फक्त त्याची घंटी ऐकू येत राहिली. एका कारखान्याच्या गेटवरचा वॉचमन वाळूची बादली घेऊन रस्त्यावर आला.

"अहो, जळतंय का काही?" सुभद्राने विचारलं.

"गरम होतंय इंजिन. नवं तेल आहे."

भोसरीच्या पुढे रस्त्यात शेळ्या आडव्या आल्या. गाडी थांबली, इंजिन धडधडत राहिलं. इंजिनाच्या डाव्या अंगाला एक बारीक नळी असते. आतली वाफ बाहेर जायला. तिच्यातून आता वाफेऐवजी तेलच येत होतं, आणि ते सरळ सुभद्राच्या डाव्या पायावर. चप्पल काळी, नवऱ्याने दिवाळीला पाठवलेल्या लुगड्याचा काठ काळा. "थांबा जरा," असं म्हणून ती पाय पुसायला खाली उतरली. ती काय म्हणाली ते इंजिनाने ऐकू दिलं नाही. ती उतरली ते धुराने दिसू दिलं नाही. शेळ्या गेल्या. ज्योतीरामने गिअर टाकला.

गाडी एकदम हलकी चालायला लागली. चांगलं तेल, त्याने मनात म्हटलं. मग समोर मोकळा रस्ता, मागे बायको आणि तिच्याकडे तोंड करून बोलावं लागत नाही, असा योग तीन वर्षांत पहिल्यांदाच आला होता. ज्योतीराम बोलायला लागला.

"खोली लहान आहे. पण दोघांनाच तर राहायचंय."

 –

"सोबत दोघं आहेत म्हणून लिहिलं होतं तुला. ते खरं नाही. म्हणजे आहेत ते. पण भेटत नाहीत. मी येतो तेव्हा खाट गरम असते, तेवढंच."

 –

"मंगळवारी कुठं जायचं कळत नाही. सगळे कामावर. मी स्टेशनावर जाऊन बाकावर बसतो. कोणी विचारलं, की म्हणतो पाहुणे येणारेत."

 –

"हसू नको. कोपऱ्यावरचा वाणी मला नावाने हाक मारतो. 'काय ज्योतीराम' म्हणतो. म्हणून मी उगाच त्याच्याकडनं काडेपेटी घेतो. ट्रंकेत सतरा झाल्यात."

 –

"गेल्या साली ताप आला होता. तुला कळवलं नाही. भिंतीवर लिहिलं, ताप आहे. सकाळी उठलो तर उशाशी गोळ्या. कोणी ठेवल्या, अजून माहीत नाही. विचारायला कोण भेटतंय?"

 –

"तू ये. खोली नाही आवडली तरी ये. येशील ना?"

 –

"सुभद्रा?"

त्याने मान वळवली. मागे सीट होती. सीटच्या पट्ट्याला अडकवलेली पिशवी होती. त्यामागे धूर, आणि धुराच्या मागे साधारण दोन मैल रस्ता.

बायको पडली, एवढंच त्याच्या डोक्यात आलं. त्याने गाडी वळवली आणि स्वतःच सोडलेल्या धुरात शिरला. डोळे चुरचुरत होते, तोंडाने हाका चालू होत्या. मागचं चाक तेलाने माखलेलं, ते त्याच्या आधी रस्त्याच्या कडेला निघालं होतं. शेळ्यांच्या ठिकाणाजवळ आल्यावर इंजिन दोनदा खोकलं आणि गप्प झालं.

रस्त्याच्या कडेला एक चहाचं छप्पर होतं. मालकीण सावित्रीबाई कमरेवर हात ठेवून उभी.

"बाई आत हाय," ती म्हणाली. "पाय धुतीया. तुमची ही फटफटी हाय का चूल?"

सुभद्रा ओल्या पायाने बाहेर आली. ज्योतीराम तिच्याकडे बघत राहिला. चेहरा काळा, डोळे लाल.

"लागलं का?"

"उतरले होते. पडले नव्हते." तिने पदराचं टोक ओलं करून त्याच्या हातात दिलं. "तोंड पुसा. आणि काय बोलत होता एवढं? जाताना धुरातून नुसती मान हलताना दिसली."

ज्योतीरामने तोंड पुसलं. सगळं परत सांगायला हरकत नव्हती. पण आता ती समोर होती.

"रस्त्याचं सांगत होतो," तो म्हणाला.

चऱ्होली राहिलीच. कोबी घेऊन चिंचवडकडे निघालेल्या एका टेम्पोवाल्याला दया आली. सुभद्रा पुढे ड्रायव्हरशेजारी बसली. ज्योतीराम मागे, कोबीच्या गड्ड्यांवर आडव्या टाकलेल्या फटफटीला धरून. पुढून अधूनमधून सुभद्राचा आवाज येत होता. ड्रायव्हर नगरकडचा निघाला, त्याला तीन मुली होत्या आणि थोरलीचं यंदा बघत होते, एवढं सगळं पिंपरी येईपर्यंत सुभद्राला कळलं होतं.

चिमाजीने गाडीखाली घमेलं सरकवलं आणि तळाचा बोल्ट काढला. घमेलं भरलं. त्याने दुसरं लावलं. मग डालड्याचा रिकामा डबा.

"इंजिन आहे का रांजण, राव?"

"मी वेळेवर घालत होतो," ज्योतीराम म्हणाला.

"तुम्ही मंगळवारी न्यायचात तेल. गुरुवारी मालोजी न्यायचा. शनिवारी उद्धवराव. मला वाटलं, तिघांनी तीन गाड्या केल्या. बरं चाललंय लोकांचं, म्हटलं." चिमाजीने हात पुसले. "इंजिन चालू करून मग बघता ना पट्टी?"

ज्योतीराम पट्टी शर्टाला पुसू लागला.

"हे पण सांगायचं असतं का?" चिमाजी सुभद्राकडे बघून म्हणाला.

सुभद्राला हसू आवरेना. तोंडाला पदर लावून ती हसली, आणि मग हसता हसता मध्येच थांबली.

"तिघं एका खोलीत राहता ना तुम्ही?"

"हो."

"मग एकाने दुसऱ्याला विचारायचं, तेल घातलंस का."

"भेट होत नाही."

"कधीच?"

"शिफ्टा वेगळ्या आहेत."

"दोन वर्षं?"

ज्योतीरामने डालड्याच्या डब्याकडे बघितलं. तो भरत आला होता. "दिवाळीला एकदा भेटलो होतो," तो म्हणाला. "पण तेलाचा विषय निघाला नाही."

 चिमाजीने आणलेला चहा सुभद्राने बशीत ओतून अर्धा नवऱ्याला दिला.

संध्याकाळी लोकल आली. भिमाजी दारातून वाकून ओरडत होता, "सुभे, चढ, इथं एकच मिनिट थांबते." सुभद्राने एक पाय पायरीवर ठेवला.

"आषाढ लागायच्या आत येते," ती म्हणाली.

"खोली तर बघितली नाहीस."

"तुम्ही बघितलीय ना? खिडकी आहे?"

"आहे," ज्योतीराम ठणकावून म्हणाला. गाडी हलली, आणि मग त्याला आठवेना की खिडकी खरंच होती की ते आबाजींच्या गोठ्याचं दार होतं.

तो स्टेशनातून जवळजवळ पळतच निघाला. ती येणार. हे कोणाला तरी सांगायला हवं होतं, आत्ताच. वाण्याचं दुकान मंगळवारी बंद. खोलीत मालोजी तोंडावर चादर घेऊन झोपला होता, रात्रपाळीचा माणूस, त्याला उठवणं म्हणजे पाप. ज्योतीराम खाटेजवळ उभा राहिला. एकदा खोकला. चादर हलली नाही. उद्धवराव शिफ्टला गेलेले. कॅलेंडरवर लिहावं म्हणून पेन्सिल उचलली, पण एवढी गोष्ट रॉकेलच्या खाली लिहायला हात धजेना.

गोठ्यात सोनबा फरशीवर राख टाकत होता.

"सोनबा, बायको येतेय माझी. कायमची. आषाढाच्या आत."

सोनबाने राखेचं टोपलं खाली ठेवलं. ज्योतीरामकडे नीट बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर खरोखरीची काळजी दिसली. दोन वर्षांत ज्योतीरामची अशी काळजी कोणी केली नव्हती.

"आरं द्येवा," सोनबा म्हणाला. "मंग तुमच्या जागी मानूस कवा आनून देताय?"