धुऱ्यावरची शांतिसेना

आफ्रिकेतल्या शांतिसेनेतून धरमसिंग ठरल्यापेक्षा तीन महिने आधी घरी आला, तेव्हा दिग्रसजवळच्या त्याच्या तांड्यात कुजबुज सुरू झाली, की गड्याला काढून टाकलं. कोणी म्हणे साहेबाशी भांडला, कोणी म्हणे पहाऱ्यावर झोपला. त्याची बायको अंजू दिसली की बाया गप्प होत, आणि ते गप्प होणंच तिला जास्त झोंबे.

शेवटी धरमसिंग तांड्याचे नायक शंकरसिंग यांच्या ओट्यावर गेला. ही फौज जगातल्या देशांच्या वर्गणीवर चालते, वर्गणी थकली म्हणून चौथा हिस्सा जवान परत पाठवले, असं त्यानं समजावून सांगितलं.

"थकवली कोणं? गरिबायनं?" नायकांनी विचारलं.

"नाही काका. मोठ्यायचीच बाकी जास्त."

नायकांचा चेहरा उजळला. सेवालाल महाराजांच्या भंडाऱ्याची वर्गणी मागत दारोदार फिरण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. सारं जग आपल्या तांड्यासारखंच आहे, हे कळून त्यांना फार बरं वाटलं. त्याच भरात त्यांनी धरमसिंगला कामाला लावलं. हिरासिंगच्या बकऱ्या शेजारच्या जमनीकाकीच्या तुरीत शिरत होत्या आणि प्रकरण काठ्यांवर आलं होतं. धरमसिंगनं शांतिसेनेची निळी टोपी घालून दोघांच्या शेतांमधल्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभं राहायचं; डबा एक दिवस हिरासिंगनं द्यायचा, एक दिवस जमनीनं. अंजूलाही हे पटलं. नवरा ड्युटीवर दिसला की बायांची तोंडं बंद होतील.

पहिल्या दिवशी हिरासिंगकडून भाकरी, ठेचा आणि दही आलं. मागोमाग बकऱ्याही आल्या. धरमसिंग ताठ उभा राहून त्यांच्याकडे बघत राहिला. जमनी धावत आली.

"काहून पाहून राह्यला? हाकल ना त्यायले."

"काकी, मारामारी झाली तं मी मधात पडीन. बकऱ्यायचा हुकूम नाही मले."

जमनीनं कपाळाला हात लावला. दुसऱ्या दिवशी तिनं डबा पाठवला नाही. तूर माझी गेली, वर हा पाहुणाही मीच पोसू का, असं तिचं म्हणणं. ती देत नाही म्हटल्यावर हिरासिंगनंही हात आखडला. नायकांनी दोघांना आठवण दिली. दोघांनीही आठवण ठेवून घेतली. डबा काही निघाला नाही.

मग धरमसिंगनं त्याच्या फौजेनं केलं तेच केलं. पहारा कमी केला. दुपारी तो घरी जाऊन जेवे आणि अंमळ आडवा होई. बकऱ्यांना ही वेळ लगेच पाठ झाली. त्या निवांत येऊ लागल्या, आणि तुरीचा कंटाळा आला तशा हिरासिंगच्याच कपाशीत घुसल्या.

त्या संध्याकाळी हिरासिंग आणि जमनी सोबत चालत नायकांकडे आले. हा गडी दुपारी घोरतो, अशी जमनीची तक्रार होती.

"काकीचं बराबर हाये," हिरासिंग म्हणाला.

त्याच्या तोंडून हे ऐकून जमनी त्याच्याकडे वळली. मग तिनं त्याच्या कपाशीची चौकशी केली. त्यानं तिच्या तुरीबद्दल हळहळ दाखवली. धुऱ्याला दोघांनी मिळून काट्यांचं कुंपण घालायचं, बकऱ्या बांधून ठेवायच्या आणि धरमसिंगला आजच घरी पाठवायचं, असं एकमतानं ठरलं.

आभार कोणी मानले नाहीत. धरमसिंग दोन दिवस तोंड पाडून बसला होता, तोच पलीकडच्या तांड्याचे नायक त्याला शोधत दारात आले. त्यांच्याकडे दोन सख्खे भाऊ विहिरीवरून भांडत होते आणि कशावरच एक होत नव्हते.

"याच्यावर तरी होतीन," ते आशेनं म्हणाले. "लोकायले वैताग आणाले किती दिवस लागतात याले?"

धरमसिंगनं छाती काढून उत्तर द्यायला तोंड उघडलं. पण अंजू आतूनच बोलली.

"ते मले विचारा. सकाळी न्याल तं दिवस मावळाच्या आत काम होते."