टेपने मोजलेला विमानप्रवास

"विमानाला किती वेळ लागतो ते मला कुणी शिकवू नये," टेलरमास्तरांनी बायकोला ठणकावलं. "अंतर मोजायचं आणि वेगाने भागायचं. जन्मभर मापंच घेतोय मी."

मुलीने फोनवर फक्त निघायची वेळ सांगितली होती. "एअरपोर्टवर येऊ नका, उगाच दमाल, मी टॅक्सीने येईन," असं म्हणून ती मोकळी झाली. मास्तरांना ते कसं पटावं? ती परदेशी निघाली त्या दिवशी हे दुकानात कुणा नवरदेवाचा कोट उसवत बसले होते आणि निरोपाला पोचलेच नाहीत. ती बोच अजून गेली नव्हती. या खेपेला पोरगी दारातून बाहेर आली की तिला पहिलं तोंड बापाचंच दिसलं पाहिजे, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं.

"मग तिलाच विचारा ना कधी पोचतेस म्हणून," बायको म्हणाली.

"म्हणजे तिला कळेल की आपण येतोय. तू गप्प बस."

मास्तरांनी जगाचा नकाशा कापड बेतायच्या टेबलावर अंथरला. दोन्ही विमानतळांवर टाचण्या टोचल्या आणि मधे टेप ताणला. विमानाचा वेग शेजारच्या इस्त्रीवाल्याने छातीठोकपणे सांगितला. तिकडच्या आणि इकडच्या घड्याळातला फरकसुद्धा मास्तर विसरले नाहीत. स्वतःच्या हुशारीवर ते इतके खूश झाले की त्या दिवशी गिऱ्हाइकांशीही गोड बोलले.

ठरल्या दिवशी घराला कुलूप लावून दोघं एअरपोर्टवर हजर झाली. मास्तर कठड्याला चिकटून उभे राहिले. जगभरची माणसं बाहेर आली, आपली पोरगी काही येईना. शेवटी ते चौकशीच्या खिडकीशी गेले.

"ते विमान?" आतली बाई म्हणाली. "ते उतरून दोन तास होऊन गेले, काका."

"शक्यच नाही. नकाशावर टेप लावून मोजलंय मी."

"सपाट नकाशावर? अहो, पृथ्वी गोल आहे. विमान पार वर उत्तरेकडून, बर्फावरून येतं. तो रस्ता जवळचा पडतो."

मास्तरांचा चेहरा पडला. बायकोला हसू आवरेना.

"गिऱ्हाइकाच्या पोटाचं माप घेताना त्याला आधी इस्त्री करून सपाट करता का हो तुम्ही?"

तेवढ्यात फोन वाजला. "बाबा, घराला कुलूप आहे. कुठे आहात तुम्ही दोघं?"

"एअरपोर्टवर," मास्तर पुटपुटले.

पलीकडून मनसोक्त हसू ऐकू आलं. "जागचे हलू नका. मी येते घ्यायला."

इतकं होऊनही मास्तरांची नजर त्या दारावरून हटेना. मागून कुणीतरी खांद्यावर हात ठेवला. वळून बघतात तो पोरगी, हातात फुलं घेऊन. ती आईच्या गळ्यात पडली, मग बापाच्या. मास्तरांना रडू आवरेना.

"प्रवास कसा झाला, बाबा?" तिने विचारलं.

"फार लांबून आलो गं," डोळे पुसत मास्तर म्हणाले.