दिगंबररावांचं त्वरण

मंगळवारी सकाळी दूध आणायला निघालेल्या दिगंबररावांना स्थिर त्वरण लागलं, आणि डेअरी मागे टाकून ते तसेच पुढे गेले.

स्थिर होतं हे नशीबच. शेजारच्या बापटांच्या जावयाला बदलतं लागलं होतं. तो अजून सापडलेला नाही.

"तब्येत ठीक आहे," दिगंबरराव फोनवर म्हणाले. "आत्ताच एका सायकलवाल्याला मागे टाकलं. आयुष्यात पहिल्यांदा."

"बाबा, पुढे तलाव आहे," शाल्मली म्हणाली.

"म्हणून तर फोन केला, बाळ."

रस्ता सरळ पाण्यात उतरत होता, आणि दिगंबररावांना पोहता येत नव्हतं. शाल्मलीने इंदूआत्याला रिक्षात घातलं आणि नगरपरिषदेचं गती खातं गाठलं. नियम साधा होता. घरच्यांनी उदाहरण सोडवायचं, घरातल्या सर्वांत मोठ्या माणसाने सही करायची. मंजूर झालेलं त्वरण मग धावत सुटलेल्या माणसाला लागू व्हायचं.

शाल्मलीने उभ्या उभ्या उदाहरण सोडवलं. मारुतीच्या देवळापाशी वेग सेकंदाला दहा मीटर. तिथून पाणी पाचशे मीटरवर. शेवटचा वेग शून्य. उत्तर, वजा शून्य पूर्णांक एक दशांश.

आत्याने चष्मा लावला. "हे दिगूच्या नावापुढे काय लिहिलंयस?"

"वजा. वेग कमी व्हायला हवा ना."

"साठी उलटलेल्या माणसाला वजा? मी सही करणार नाही."

"ज्येष्ठांना आम्हीही शक्यतो अधिकच लावतो," खिडकीतले मोघे म्हणाले.

"अधिक लावलं तर ते आणखी जोरात पाण्यात जातील, मोघेकाका."

"मानाने जातील."

शाल्मलीची कानशिलं तापली. या लोकांना माणूस बुडाला तरी चालेल, पण त्याचा मान कोरडा राहिला पाहिजे. तिने कागद फाडायला हात घातला, मग थांबली.

"आत्या, घरापासून लांब जाणं अधिक, की घराकडे येणं?"

"हे काय विचारणं झालं? घराकडे येणं."

शाल्मलीने दिशा बदलली. घराकडची अधिक. दिगंबररावांचं पळत सुटणं वजा झालं. त्वरण मात्र अधिक आलं, शून्य पूर्णांक एक दशांश. आत्याने ठसठशीत सही केली. मोघ्यांनी शिक्का मारला.

दुपारी फोन आला. "थांबलो. चपलेचं टोक भिजलं, तेवढंच."

शाल्मली रिक्षातच रडायला लागली. आत्याने पदराने तिचं नाक पुसलं. मोघ्यांना पेढे द्यायला हवेत, असं शाल्मलीला मनापासून वाटलं.

"आता परत फिरलोय," दिगंबरराव म्हणाले. "त्वरण तेच आहे बरं का."

घरी पोचेपर्यंत शाल्मलीने पुढचं उदाहरण सोडवलं. तलावापासून घर साडेचोवीस किलोमीटर, म्हणजे दारापाशी वेग सेकंदाला सत्तर मीटर येत होता.

"आत्या, आता मात्र वजाशिवाय गत्यंतर नाही."

"घरी येणाऱ्या माणसाला?"

शाल्मली तोंड उघडणार होती. पण बाबा जिवंत होते, आणि घराकडे येत होते. तिने कागदाची घडी केली.

आत्याने देवापुढे साखर ठेवली, पुढचं दार सताड उघडलं, आणि जरा विचार करून मागचंही.